मशीन घेण्याआधी हे गणित करा: व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर कशी काढायची?



मशीन बघायला गेल्यावर आपण काय विचारतो? किंमत किती, तासाला माल किती निघतो, वॉरंटी किती. हे तीन प्रश्न सगळेच विचारतात. चौथा प्रश्न फार कमी जण विचारतात: "हे मशीन करंट किती घेतं?" मग मशीन घरी येतं आणि वायर गरम व्हायला लागते, एमसीबी सारखा पडतो, डेमोमध्ये सहा तासांत झालेलं काम आपल्याकडे नऊ तास घेतं. दोष मशीनचा की आपल्या लाईनचा, तेच कळत नाही.

हे सगळं आधी कळू शकतं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. गुणाकार-भागाकार येत असेल तर पुरे. आज आपण व्हिडिओतलं हेच गणित कागदावर करणार आहोत. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण एकच ठेवू, म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा तुम्हाला कांदा वाळवून त्याची पावडर विकायची आहे. त्यासाठी २००० वॅट हीटरचा ट्रे ड्रायर, २ एचपीचा सिंगल फेज पल्व्हरायझर आणि पाऊच बंद करायला ३०० वॅटचं हँड सीलर असं तुमचं छोटं युनिट आहे.

आधी चार शब्द समजून घेऊ

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर जास्त. हा जोर म्हणजे व्होल्टेज, मोजायचं व्होल्टमध्ये. पाईपमधून दर सेकंदाला जितकं पाणी वाहतं, तो करंट, मोजायचा अँपिअरमध्ये. पाईप बारीक असेल तर पाण्याला अडथळा होतो, तो अडथळा म्हणजे रेझिस्टन्स, मोजायचा ओहममध्ये. शाळेच्या पुस्तकात यांनाच विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणायचे.

चौथा शब्द पॉवर. वीज दर सेकंदाला किती काम करते, किती उष्णता देते, ते पॉवर सांगते. ती मोजायची वॅटमध्ये. १००० वॅट म्हणजे १ किलोवॅट.

आपल्याकडे घरगुती सिंगल फेज लाईनचं ठरलेलं व्होल्टेज २३० आहे. प्रत्यक्षात ते वर-खाली होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा पैशाशी थेट संबंध येणार आहे.

दोन सूत्रं, बाकी सगळं त्यातूनच

जर्मनीतले शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स यांचं नातं मांडलं. ते आजही तसंच वापरतात:

रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट

दुसरं सूत्र पॉवरचं:

पॉवर = व्होल्टेज × करंट

ही दोन पाठ करा. त्यांनाच उलटसुलट केलं की आणखी तीन मिळतात:

करंट = पॉवर ÷ व्होल्टेज

पॉवर = करंट × करंट × रेझिस्टन्स

पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स

आता आपला ड्रायर घ्या. हीटर चालू असताना इलेक्ट्रिशियनने मोजलं: व्होल्टेज २३०, करंट ८.७ अँपिअर.

रेझिस्टन्स = २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम

पॉवर = २३० × ८.७ = २००१ वॅट

झालं! म्हणजे हीटर खरोखर २००० वॅटचा आहे. करंट मोजायला टाँग टेस्टर वापरतात. त्याला क्लॅम्प मीटरही म्हणतात. त्याचा जबडा फक्त फेजच्या एका वायरभोवती अडकवायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात आल्या तर आकडा जवळपास शून्य दिसतो, कारण एकीतून जाणारा करंट दुसरीतून परत येत असतो. हे चालू लाईनवरचं काम आहे, त्यामुळे ते वायरमनकडूनच करून घ्या. आकडे मात्र तुम्ही लिहून घ्या.

मशीन घेताना कॉइल तपासा

हे तर दुकानात उभं राहूनच करता येतं. प्लग काढलेला पाहिजे आणि थर्मोस्टॅट चालू बाजूला फिरवलेला पाहिजे. मल्टिमीटर ओहमवर लावा आणि प्लगच्या फेज व न्यूट्रल या दोन पिनांना टेकवा. ब्लोअर त्याच प्लगवर असेल तर विक्रेत्याला फक्त हीटरचं मोजमाप दाखवायला सांगा.

२००० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स किती यायला हवा? २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. कॉइल थंड असताना तो किंचित कमी दिसतो, पण २५-२६ च्या आसपास आला म्हणजे ठीक.

समजा मीटरवर ३५ ओहम दिसले. मग पॉवर = २३० × २३० ÷ ३५ = १५११ वॅट. म्हणजे पाटीवर २००० लिहिलंय, पण आत दीड हजाराची कॉइल आहे! रेझिस्टन्स जास्त म्हणजे पॉवर कमी, हे उलटं नातं डोक्यात पक्कं ठेवा. मीटरने काहीच आकडा दाखवला नाही, तर कॉइल तुटलेली आहे किंवा एखादं स्विच बंद आहे.

त्याच मीटरने आणखी एक तपासणी करा. प्लगची मोठी अर्थिंगची पिन आणि मशीनची उघडी धातूची बॉडी यांच्यात जवळपास शून्य ओहम यायला हवं. बॉडी आणि बाकीच्या दोन पिना यांच्यात मात्र मीटरने काहीही जोड दाखवता कामा नये. दाखवली तर ते मशीन घेऊ नका. ओल्या हाताने ट्रे बाहेर काढणारी व्यक्ती तुमच्याच घरातली असणार आहे.

आता पैशाचं गणित: एका बॅचला वीज किती?

१००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट वीज होते. म्हणून:

युनिट = वॅट × तास ÷ १०००

उदाहरणासाठी धरू, ड्रायरमध्ये १० किलो चिरलेला कांदा घातला, कॉइल पूर्ण ६ तास चालू राहिली आणि सव्वा किलो सुका माल निघाला.

युनिट = २००० × ६ ÷ १००० = १२

हिशोब सोपा जावा म्हणून सगळे आकार धरून दर १० रुपये घेऊ. खरा दर तुमच्या बिलात बघा. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट केलं की तुम्हाला प्रत्यक्ष पडणारा दर निघतो. नुसता वीज आकार बघून चालत नाही, कारण स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे सगळं वरून लागतं.

१२ युनिट × १० = १२० रुपये. भागिले सव्वा किलो म्हणजे ९६ रुपये किलो. हा फक्त वाळवणाच्या विजेचा खर्च झाला. कांदा, मजुरी, पॅकिंग, वाहतूक अजून बाकी आहे. किंमत ठरवताना बरेच जण "लाईट बिल महिन्याला येईल तेवढं येईल" म्हणून हा आकडा सोडून देतात आणि मग ऑर्डर भरपूर असूनही हातात काही उरत नाही.

थर्मोस्टॅट मधेमधे कॉइल बंद करत असेल तर युनिट यापेक्षा कमी येतील. म्हणून पहिल्या चार-पाच बॅचला मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून ठेवा. सूत्राने अंदाज येतो, मीटरने खात्री होते.

व्होल्टेज कमी असेल तर काय होतं?

संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज उतरतं, हे आपल्याला माहीत आहे. समजा २३० ऐवजी १९० झालं. मनात येतं, ४० व्होल्टच तर कमी झाले, फार फरक पडणार नाही. गणित करून बघा. कॉइल तीच आहे, म्हणजे रेझिस्टन्स तोच, २६.४५ ओहम.

करंट = १९० ÷ २६.४५ = ७.१८ अँपिअर

पॉवर = १९० × ७.१८ = १३६४ वॅट

बघितलं? व्होल्टेज १७ टक्के उतरलं आणि पॉवर उतरली ३२ टक्के. कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार. दोन्ही बाजूंनी मार बसतो.

धंद्यात याचा अर्थ काय? कांद्यातलं पाणी उडवायला उष्णता तेवढीच लागणार. १२ युनिट लागणारच, पण १३६४ वॅटने ती द्यायला ६ तासांऐवजी निदान पावणेनऊ तास जातील. म्हणजे प्रत्येक बॅचचं बिल जवळपास तेवढंच आणि दिवसाला दोन बॅच निघायच्या तिथे एकच निघते. माणसाची मजुरी मात्र पूर्ण दिवसाची.

म्हणून विक्रेत्याने दाखवलेला "तासाला इतका माल" हा आकडा त्याच्या शोरूमच्या व्होल्टेजचा आहे, तुमच्या गावाचा नाही. मशीन घेण्याआधी आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ आपल्या जागेचं व्होल्टेज लिहून ठेवा. प्लगमध्ये लावायचे छोटे व्होल्टेज दाखवणारे मीटर मिळतात, त्यावर काम भागतं. सगळ्यात चांगलं व्होल्टेज पहाटे मिळत असेल तर वाळवणाची बॅच पहाटे लावा. मोठ्या ऑर्डरला "हो" म्हणण्याआधी हे माहीत असलं पाहिजे.

वायरलाही रेझिस्टन्स असतो

घरापासून शेड ३० मीटर लांब आहे आणि तुम्ही हाताशी असलेली १ स्क्वेअर एमएमची वायर ओढली. दुकानात तिला नुसतं "एक एमएम" म्हणतात. १०० मीटर लांब अशा तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स साधारण २ ओहम असतो. करंट जातो आणि परतही येतो, म्हणजे लांबी ३० नाही, ६० मीटर धरायची. रेझिस्टन्स झाला १.२ ओहम.

एकूण रेझिस्टन्स = २६.४५ + १.२ = २७.६५ ओहम

करंट = २३० ÷ २७.६५ = ८.३ अँपिअर

वायरीत जळणारी पॉवर = ८.३ × ८.३ × १.२ = सुमारे ८३ वॅट

दिवसाला दोन बॅच म्हणजे १२ तास, महिन्याचे २५ दिवस, एकूण ३०० तास. ८३ × ३०० ÷ १००० = सुमारे २५ युनिट, म्हणजे २५० रुपये महिना. कशासाठी? तर वायर गरम करण्यासाठी!

हीच वायर ४ स्क्वेअर एमएमची घेतली तर ६० मीटरचा रेझिस्टन्स सुमारे ०.३ ओहम, नुकसान सुमारे २२ वॅट, महिन्याला ६६ रुपयांच्या आसपास. जाड वायरीचा जादा खर्च पुढे दर महिन्याला परत येत राहतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट आगीची आहे. सूत्रात करंट दोनदा येतो. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. त्याच एक एमएमच्या वायरीवर ड्रायरबरोबर पल्व्हरायझरही लावला आणि करंट १९ अँपिअर झाला, तर १९ × १९ × १.२ = ४३३ वॅट. तेवढी उष्णता प्लॅस्टिकच्या आवरणाखाली कोंडलेली. वायर गुंडाळी करून ठेवलेली असेल तर ती बाहेर पडायलाही जागा नाही.

सैल प्लगचंही असंच. पिन आणि सॉकेट यांच्यात नीट पकड नसेल आणि तिथे अर्धा ओहम जरी रेझिस्टन्स तयार झाला, तरी ८.५ × ८.५ × ०.५ = ३६ वॅट उष्णता त्या एका ठिपक्यावर तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, हे लक्षात घ्या. प्लग काळा पडतो, जळका वास येतो, तो यामुळेच. असा प्लग पुसून परत लावायचा नाही, सॉकेटसकट बदलायचा.

मोटरला हे गणित जसंच्या तसं लावू नका

आतापर्यंतचं गणित हीटर, इस्त्री, गिझर अशा उष्णता देणाऱ्या उपकरणांचं. मोटर वेगळी असते, तीन कारणांनी.

एक, पाटीवरचा एचपी म्हणजे मोटर बाहेर देते ती ताकद. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, २ एचपी म्हणजे १४९२ वॅट. पण मोटर आत त्याहून जास्त वीज घेते. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर १४९२ ÷ ०.७५ = सुमारे १९९० वॅट. बिल या आकड्यावर येतं.

दोन, मोटरमध्ये पॉवर फॅक्टर येतो. तिथे पॉवर = व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. तो ०.८ धरला तर करंट = १९९० ÷ (२३० × ०.८) = १०.८ अँपिअर. ड्रायरच्या हीटरइतकेच वॅट, तरी करंट जास्त. आणि वायर वॅट बघत नाही, करंट बघते. मोटरच्या पाटीवर अँपिअर दिलेले असतील तर अंदाज न करता तोच आकडा घ्या.

तीन, व्होल्टेज उतरलं की हीटर कमी करंट घेतो, पण भरलेली मोटर जास्त करंट ओढते, कारण तिला तेवढंच दळायचं असतं. वाइंडिंग तापतं आणि शेवटी जळतं. हीटरला कमी व्होल्टेज म्हणजे उशीर, मोटरला कमी व्होल्टेज म्हणजे रिवाइंडिंगचा खर्च. म्हणून संध्याकाळच्या उतरलेल्या लाईनवर पल्व्हरायझर चालवू नका आणि मोटरला ओव्हरलोडचं संरक्षण जरूर लावा.

सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. म्हणून पल्व्हरायझर रिकामा सुरू करायचा, वेग पकडला की माल सोडायचा.

आता सगळ्याची बेरीज

हीटर २०००, पल्व्हरायझर १९९०, सीलर ३००, ब्लोअर-पंखे-दिवे मिळून २०० धरू. एकूण ४४९० वॅट, म्हणजे साधारण साडेचार किलोवॅट. आता हे तीन ठिकाणी ताडून बघा.

१. सॉकेट. ६ अँपिअरचं सॉकेट जास्तीत जास्त २३० × ६ = १३८० वॅटचं. २००० वॅटचा ड्रायर त्यावर चालणार नाही, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. ड्रायर आणि पल्व्हरायझर मिळून ८.७ + १०.८ = १९.५ अँपिअर होतात. म्हणजे दोघांना स्वतंत्र लाईन आणि स्वतंत्र एमसीबी.

२. एमसीबी. तो सारखा पडतोय म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवायचा, हा उपाय नाही. एमसीबी वायरीचं रक्षण करतो. मोठा एमसीबी बारीक वायर जळेपर्यंत गप्प बसेल. आधी वायर बदला, मग परवानाधारक वायरमन सांगेल तो एमसीबी बसवा. शॉकपासून वाचवायला आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग वेगळं लागतं.

३. मंजूर भार. तो तुमच्या वीज बिलावर किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो २ असेल आणि तुम्ही साडेचार वापरणार असाल, तर आधी वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज करून भार वाढवून घ्या. तुमच्या कामाला कोणत्या वर्गवारीचं कनेक्शन लागतं, तेही तिथेच विचारा. मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. नव्या धंद्याला असा फटका परवडत नाही.

गृहपाठ

एका नमकीन युनिटचा छोटा हीटर २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेतो.

१. त्याचा रेझिस्टन्स आणि पॉवर काढा.

२. व्होल्टेज २०० झालं तर पॉवर किती राहील?

३. २३० व्होल्टवर रोज ४ तास, महिन्याला २५ दिवस चालवला आणि दर १० रुपये धरला, तर महिन्याचा खर्च किती?

आधी स्वतः सोडवा, मग खाली बघा.

उत्तरं: १) २३० ÷ ६.५ = ३५.४ ओहम आणि २३० × ६.५ = १४९५ वॅट. २) २०० × २०० ÷ ३५.४ = ११३० वॅट. ३) १४९५ × १०० ÷ १००० = १४९.५ युनिट, म्हणजे १४९५ रुपये.

तिन्ही बरोबर आली? मग आता तुमच्या मनात असलेल्या मशीनची पाटी मिळवा. विक्रेत्याकडून मोबाईलवर फोटो मागवला तरी चालेल. त्यावरचे व्होल्ट, अँपिअर आणि वॅट वहीत लिहा आणि खाली चार उत्तरं काढा: करंट किती, कुठल्या जाडीची वायर लागेल हे वायरमनला विचारून, किलोमागे वीजखर्च किती आणि आपल्या गावच्या संध्याकाळच्या व्होल्टेजला मशीन किती माल देईल. ही चार उत्तरं वहीत आल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.